उन्हाळ्यातलं कोवळं कणीस : निपाणी ते बेळगाव, आपल्या मक्याची गोष्ट



मक्याचं कणीस म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना पाऊस आठवतो. गोकाकच्या धबधब्याजवळची शेगडी, किल्ला तलावाकाठचा गाडा, धुक्यात उभं राहून खाल्लेलं भाजकं कणीस. ते खरंच आहे, कारण मृगावर पेरलेला मका श्रावण-भाद्रपदात खायला येतो. पण आमच्या घरात कणसाचा खरा हंगाम चैत्र-वैशाख. विहिरीच्या पाण्यावर वाढलेलं, पहाटे मोडलेलं आणि दुपारच्या आत चुलीत गेलेलं उन्हाळी कणीस! ते मिळवणं तेव्हाही सोपं नव्हतं, आता तर फारच अवघड झालंय. ते का, हे बघायला गेलं की आपल्या सीमाभागाचा गेल्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहासच समोर येतो. म्हणून हे लिहिते. थोडं लांबलंय, सवडीनं वाचा.

माझं माहेर निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठच्या एका गावात. १९८४ साली लग्न होऊन मी बेळगावात, शहापूरला आले. दोन्ही गावांत अंतर पाऊणशे किलोमीटरचं, पण कणसाची तऱ्हा दोन्हीकडे वेगळी.

आधी नावाचं सांगते. माहेरी आजी "मक्का" म्हणायची. बेळगावात आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात दारावर हाक ऐकली, "गोंजाळ तेनीss". तेनी म्हणजे कणीस हे कळलं, पण गोंजाळ काय ते कळेना. सासूबाईंनी सांगितलं, कानडीत मक्याला गोविनजोळ म्हणतात, बोलताना त्याचं गोंजाळ होतं. शब्दशः अर्थ घेतला तर गाईचा जोंधळा. खाली म्हैसूरकडे त्यालाच मुसुकिनजोळ म्हणतात, म्हणजे पदर घेतलेला, तोंड झाकलेला जोंधळा. बाहेरून आलेल्या या पाहुण्याला आपल्या लोकांनी जोंधळ्याचं आडनाव लावून घरात घेतलं, असंच म्हणायचं.

पाहुणा बाहेरचाच. सुमारे ९ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत, बाल्सास नदीच्या खोऱ्यात, टिओसिंटे नावाच्या रानगवतापासून तिथल्या लोकांनी मका घडवला. कोलंबस १४९२ ला तिकडे पोचला आणि त्यानंतर मका जगभर फिरला. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, तेव्हा आपल्याकडे तो याच वाटेनं घाट चढून आला असणार. याच्याविरुद्ध एक मत आहे, आणि ते कर्नाटकातल्याच एका देवळावरून निघालं. सोमनाथपूरच्या तेराव्या शतकातल्या होयसळ मंदिरात मूर्तींच्या हातात कणसासारखं काहीतरी दिसतं. १९८९ मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी लिहिलं की हा मकाच आहे, म्हणजे तो कोलंबसाच्या आधीच भारतात होता. त्यावर पायक आणि सचान या आपल्या शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये सविस्तर उत्तर दिलं की तो मका नाही, मोत्यांनी घडवलेलं एक काल्पनिक फळ आहे, मुक्ताफळ. मला पायक-सचान यांचं म्हणणं पटतं. सोमनाथपूरला गेलात तर स्वतः बघून ठरवा.

गंमत अशी की, आपल्या भागाची ओळख म्हणून जी पिकं आपण मिरवतो त्यातली बरीच याच वाटेनं आली. निपाणीचा तंबाखू, संकेश्वरची मिरची, बेळगाव-कडोलीकडचा बटाटा, चंदगडचा काजू, सगळी मूळची अमेरिकेतली. मका त्यांचाच भाऊ. फक्त त्या चौघांना बाजारात मान मिळाला आणि मका बिचारा बांधावर राहिला.

बांधावर हे मी अक्षरशः म्हणते आहे. निपाणीचं रान म्हणजे तंबाखूचं रान. पावसाळ्यात लावण, माघापर्यंत तंबाखू निघायचा आणि मग जिरायत रान मोकळं पडायचं. ज्याच्याकडे विहीर, त्याच्याकडेच उन्हाळ्यात हिरवं काही दिसायचं, आणि ते म्हणजे ऊस नाहीतर जनावरांची वैरण. माझे आजोबा उसाच्या पाटाच्या कडेला, बांधाला, मोटेच्या थारोळ्यापाशी मक्याचे चार-चार दाणे टोकायचे. त्याला वेगळं पाणी द्यावं लागत नव्हतं. उसाला पाणी जाताना मक्याला मिळायचं. ताटं म्हशीला आणि कणसं पोरांना. विकायला मका करायचा हा विचारच नव्हता. पैसा तंबाखूचा. त्या पैशासाठी निपाणीच्या शेतकऱ्यांनी काय सोसलं ते आपण जाणतोच. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली महामार्गावर आंदोलन उभं राहिलं, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि शेतकरी हुतात्मा झाले. त्या उन्हाळ्यात घरोघरची माणसं रस्त्यावर बसलेली होती आणि मळ्याकडे बायका-पोरंच बघत होती.

आमचा तो मका पांढरा होता. कणीस वीतभर, दाणे थोडे चपटे, ओळी वाकड्यातिकड्या. फार गोड नव्हता, पण त्याला एक दुधाळ चव होती आणि भाजल्यावर असा वास सुटायचा की शेजारची पोरं आपोआप अंगणात यायची. शेणीच्या आरात कणीस वरच्या पानांसकट घालायचं, पानं करपली की काढायचं, लिंबाच्या फोडीला मीठ-चटणी लावून चोळायचं. जून झालेली कणसं वाळवून जात्यावर भरडायची आणि त्या कण्या शिजवून ताकात कालवून खायच्या. आजी सगळ्यात चांगली पाच-सहा कणसं कधी मोडू द्यायची नाही. ती वाळली की पानं मागं ओढून त्यांची वेणी घालायची आणि चुलीवर आढ्याला टांगायची. धुरानं त्यांना कीड लागत नसे. पुढच्या वर्षीचं बी ते. विकत आणलेलं बी आजीनं आयुष्यात कधी पेरलं नाही.

कोवळं कणीस ओळखायची तिची रीत होती. आम्ही पोरं नख लावून चीक निघतो का बघायचो, की ती ओरडायची, "नख लावू नगंस, पोरी. कणसाला डोळं न्हाईत, तुला हाईत न्हवं?" कणसाच्या टोकाचे केस बाहेरून तपकिरी, सुकत आलेले, पण मुळाशी अजून ओलसर हवेत. पान हिरवंगार आणि कणसाला घट्ट धरलेलं हवं. टोकाला बोटानं हलकंच दाबलं तर भरलेलं लागायला हवं. केस पार वाळले आणि पान पिवळट पडलं की गेलं, ते आता कण्यांचं. उन्हाळ्यात ही वेळ फार थोडी मिळते. पावसाळ्यात कणीस चार-पाच दिवस कोवळं थांबेल, पण वैशाखाच्या उन्हात आज चीक असलेला दाणा परवा निबर.

याच वर्षांत मक्याला आणखी एक चेहरा होता आणि तो आवडता नव्हता. १९६५-६६ च्या टंचाईनंतर अमेरिकेतून धान्य यायचं. रेशनला मिलो मिळायचा, लाल जोंधळा, भाकरी थापता थापता तुटायची. शाळेत 'केअर'चं पिवळं उप्पीट. मका, सोयाबीन आणि दूध पावडर यांचं ते पीठ असायचं. आमच्या वयाच्या कुणालाही विचारा, कानडी शाळेतला असो की मराठी शाळेतला, त्या उप्पिटाचा वास अजून नाकात आहे. भूक भागली हे खरं. १९७२ च्या दुष्काळात तर त्या एका वाटीवर पोरं शाळेत टिकली. पण त्यातून मनात एक गाठ बसली : पिवळा मका म्हणजे टंचाईचं, गरिबाचं नाहीतर कोंबड्यांचं खाणं, आणि पांढरा मका आपला, घरचा.

पुढे मला वाचायला मिळालं की अमेरिकेतही अगदी हेच होतं. तिथले लोकही पांढरा मका माणसांचा आणि पिवळा जनावरांचा मानत. १९०२ साली बर्पी या बियाणं कंपनीनं गोल्डन बँटम नावाचा पिवळा गोड मका बाजारात आणला आणि मग तिथली समजूत पालटली. आपल्याकडे ती पालटायला आणखी शंभर वर्षं जावी लागली.

आता बेळगावकडे येते. इथं कणीस बांधावरून नव्हे, बुट्टीतून यायचं. कंग्राळी, कडोली, येळ्ळूर, धामणे, मुचंडी, सगळी गावं शहराला चिकटून. पहाटे मळ्यात कणसं मोडायची, ओल्या गोणपाटात गुंडाळून बुट्टीत भरायची आणि डोक्यावर घेऊन नाहीतर पहिल्या बसनं गणपत गल्ली, रविवार पेठ, शहापूर खडेबाजार गाठायचा. सकाळी आठला बायका रस्त्याच्या कडेला बसलेल्या असत. एकीला मराठी येई, दुसरीला कानडी, बहुतेकींना दोन्ही. "एळेव अदावरी अक्का" आणि लगेच "कवळी हाईत, वैनी, आता मोडल्यात" हे एकाच तोंडून. अकरा वाजेपर्यंत बुट्टी रिकामी. उरलीच तर भाव अर्ध्यावर, कारण दुपारनंतर त्या कणसाला चव राहणार नाही हे विकणारीलाही ठाऊक आणि घेणारीलाही.

यामागचं शास्त्र सोपं आहे. कणसाच्या दाण्यात आधी साखर येते आणि मग तिचं पिठात रूपांतर होतं. कणीस ताटावरून मोडलं तरी हे काम थांबत नाही, आणि उष्णतेनं त्याला वेग येतो. गोड मक्याच्या जुन्या वाणांवर झालेल्या अभ्यासात असं दिसलं की ३० अंश तापमानात एका दिवसात ६० टक्क्यांपर्यंत साखर निघून जाते, आणि शून्य अंशाला ठेवलं तर जेमतेम ६ टक्के. आपल्याकडे एप्रिलात दुपारी पारा ३५ च्या पुढे. म्हणजे उन्हाळ्यात चांगलं कणीस मिळणं हा आधी तासांचा हिशेब आहे, मग वाणाचा. मळा ते चूल हे अंतर चार तासांचं असेल तर साधा मकाही गोड लागतो. ते अंतर दीड दिवसाचं झालं तर भल्या भल्या वाणाचं पीठ होतं. त्या बुट्टीवाल्या मावश्यांनी हा अभ्यास वाचलेला नव्हता, पण ओलं गोणपाट आणि पहाटेची बस हे त्याचंच उत्तर होतं.

तासांच्या या अडचणीवर जगानं दुसरा उपाय काढला तो बियाण्यातून. १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातले जॉन लॉफनन मक्याचं एक सुरकुतलेलं बी तपासत होते. त्या दाण्यात साखरेचं पीठ होण्याची क्रियाच मंदावलेली होती, त्यामुळे साखर कितीतरी जास्त आणि ती टिकायचीही जास्त दिवस. त्यातून १९६१ च्या सुमारास अतिगोड मक्याचे वाण बाजारात आले. त्याच १९६१ साली भारतात पहिले संकरित मके प्रसारित झाले, गंगा, रणजित, डेक्कन असे, पण ते धान्याचे. आपल्या जिल्ह्यात अरभावीच्या कृषी संशोधन केंद्रातही मक्यावर काम झालं, आणि गोकाकला मक्यापासून स्टार्च करणारा मोठा कारखाना आला. मका असा पोत्यानं विकायचं पीक झाला. खायचा गोड मका मागून आला. १९९० मध्ये हैदराबादहून माधुरी नावाचा वाण निघाला, आणि पुढे शुगर-७५ सारखे संकरित वाण शेतकऱ्यांच्या तोंडी झाले. बेळगावच्या प्रदर्शनांत लोणी आणि मसाला घातलेले वाफाळते कप मी २००५ च्या आसपास पहिल्यांदा पाहिले. पिवळा मका, आणि पोरं रांग लावून पैसे देऊन खात होती! आजी असती तर म्हणाली असती, शाळेतलं उप्पीट एवढं महाग कधी झालं?

मला स्वीट कॉर्न आवडतं, हे आधीच सांगते. दोन दिवसांनी खाल्लं तरी गोड लागतं, हा त्याचा मोठा गुण. पण उन्हाळ्यात ते पिकवणाऱ्याच्या अडचणी ऐकल्यात का? माझा मावसभाऊ कडोलीच्या बाजूला करतो. त्याची पहिली तक्रार परागांची. मक्याचं परागण वाऱ्यानं होतं. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची वाट. गोड मक्याच्या केसावर साध्या मक्याचा पराग पडला तर तो दाणा त्याच पिकात पिठूळ होतो, पुढच्या पिढीची वाट बघत नाही. आणि उन्हाळ्यात तर चारी बाजूंनी गाई-म्हशींसाठी आफ्रिकन टॉलसारखा वैरणीचा मका उभा! त्यामुळे तीनशे-चारशे मीटर लांब तरी पेरा, नाहीतर तीन आठवडे मागेपुढे तरी पेरा. दुसरी तक्रार उन्हाची. तुरा येताना कडक ऊन पडलं की पराग मरतो आणि कणीस दात पडल्यासारखं मोकळंढाकळं भरतं. तिसरी, लष्करी अळी. ही अमेरिकन अळी भारतात पहिल्यांदा सापडली तीच कर्नाटकात, २०१८ साली, आणि तेव्हापासून मक्याच्या पोंग्यात रोज डोकावून बघावं लागतं. चौथी तक्रार बियाण्याची. संकरित गोड मक्याचं बी घरात राखून उपयोग नाही, दरवेळी पाकीट विकत आणायचं. आढ्याला टांगलेली ती वेणी इथं संपली.

आता अंतराकडे येते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका तिकडे मुंबई राज्यात राहिला. कागदावर रेघ पडली, तरी चंदगडच्या माणसाची बाजारपेठ बेळगावच राहिली. शिनोळीवरून भाजीच्या गाड्या रोज येतच राहिल्या. ही रेघ खरोखर आडवी आली ती २०२० च्या एप्रिलात. टाळेबंदीत सीमेवरच्या वाटा बंद झाल्या. इकडे शहरात कणीस दिसेना आणि तिकडे उभी कणसं जनावरांपुढे टाकली गेली. वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर, पण पार करता येईना. त्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा जाणवलं की ताजी भाजी ही किती नाजूक सोय आहे.

त्याच्या आदल्याच वर्षी, २०१९ मध्ये, कॅम्पातला ठोक भाजी बाजार एपीएमसीत गेला. गाड्यांची गर्दी कमी झाली, हे बरंच झालं. पण कणसाचा प्रवास लांबला. संध्याकाळी मोडायचं, पहाटे सौद्याला, तिथून किरकोळ विक्रेत्याकडे आणि मग हातगाडीवर. माझ्या पिशवीत पडेपर्यंत अठरा-वीस तास होतात. आणि जिथून चार तासांत कणीस यायचं ती शहराला चिकटलेली शिवारंच आता कमी होत चाललीत. हलगा-मच्छे बायपाससाठी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शेतकऱ्यांची पिकाऊ जमीन गेली. त्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, कोर्टात गेले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात उभ्या पिकांत यंत्रं शिरलेली आपण सगळ्यांनी पाहिली. रस्ता हवा की नको यावर मतं दोन असतील. माझा मुद्दा एवढाच आहे की शहापूरच्या शिवाराला आपण बासमतीसाठी ओळखतो, पण तेच शिवार आपलं रोजचं ताजं खाणंही होतं. ते गेलं की बियाण्यातली साखर कितीही वाढवा, मळा आणि चूल यांच्यातले तास कमी होणार नाहीत.

ज्यांना या उन्हाळ्यात चांगलं कणीस हवंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. सकाळी साडेसात-आठच्या आत बाहेर पडा. हातगाडीपेक्षा रस्त्याच्या कडेला बुट्टी किंवा गोणपाट घेऊन बसलेली बाई शोधा, ती बहुधा स्वतःच्या मळ्यातलं आणते. भाव विचारण्याआधी "कधी मोडलं?" हे विचारा. देठाचा काप बघा, ओलसर पांढरा असेल तर आजचं, तपकिरी आणि सुकलेला असेल तर कालचं नाहीतर परवाचं. सोललेली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली कणसं घेऊ नका. घरी आणलं की पानांसकट ओल्या फडक्यात फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. राहिलंच तर किसून थालीपीठ करा, वाया जाणार नाही. आणि नख मात्र लावू नका, मागून येणाऱ्या गिऱ्हाईकाचं कणीस खराब होतं.

शेवटी एक विचारायचं आहे. माहेरचा तो पांढरा मका आता आमच्या गावात कुणाकडेही नाही. विहीर आहे, ऊस आहे, पाटाची कडही आहे, बी तेवढं नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर, चंदगड, आजरा या बाजूला कुणाच्या घरी अजून आढ्याला पांढऱ्या कणसांची वेणी टांगलेली असेल, तर कृपा करून सांगा. चार दाणे पुरे. भाऊ यंदाच्या माघात पाटाकडेला टोकायला तयार आहे, आणि वैरणीचा मका लांब ठेवायचंही त्यानं कबूल केलंय. आणि तुमच्या घरी कणसाला काय म्हणत होते, कुठल्या बाजारातून आणत होते, तेही लिहा. आपल्या भागाचा हा इतिहास कुठल्या दप्तरात सापडायचा नाही, तो आपल्यालाच लिहून ठेवायला हवा.